सात फूट तीन इंच

मंगळवार, २ सप्टेंबर

काम मिळालं. आधी हे लिहिते, मग चहा पिते.

आमच्या गल्लीच्या टोकाला गचांजासाहेबांची पिवळी बिल्डिंग आहे. सहा मजली. परवानगी पाचाचीच होती म्हणे, पण प्रत्येक मजल्याची उंची थोडी थोडी चोरून त्यांनी त्यातच सहावा बसवला. नैरोबीत आमच्या बाजूला सगळेच बसवतात, कुणाला त्याचं काही वाटत नाही. फक्त वरचे फ्लॅट भाड्याने जात नाहीत. लोक बघायला येतात, दारातच थबकतात, एकदा वर बघतात आणि "कळवतो" म्हणून जातात ते जातातच.

मी साहेबांना म्हटलं, "लोक छत मोजत नाहीत साहेब. त्यांना ते बुटकं वाटतं, एवढंच. आणि वाटणं बदलता येतं."

"किती फूट वाढवून देशील?"

"अर्धा इंचही नाही. पण आत येणाऱ्याला फूटभर जास्त वाटेल."

ते बराच वेळ हसले. "तू मला बांधायच्या आधी भेटायला हवी होतीस. सात मजले काढले असते." मग बोटाने वर दाखवत म्हणाले, "असो. आता काढतोयच."

ठरलं ते असं. सहाव्या मजल्यावरचा कोपऱ्यातला ६०३ नंबर मी नमुना म्हणून सजवायचा. २२ तारखेला, सोमवारी, एका शाळेचे हेडमास्तर बायकोला घेऊन बघायला येणार. त्यांनी घेतला तर त्या मजल्यावरचे उरलेले पाचही फ्लॅट माझे. म्हणजे सजवायला.

आईला सांगितलं. ती मक्याच्या पिठाची उगाली घोटत होती. म्हणाली, "लोकांच्या खिडक्यांना पडदे लावायला कोर्स लागतो होय गं काटुंगे?" पण वाढताना मला भाजी जास्त वाढली.

कोर्सच्या मॅडम सांगायच्या, डिझायनरने रोज लिहावं. मापं, रंग आणि चुका. पहिलं काम आहे, तेव्हा आजपासून लिहायचं.

गुरुवार, ४ सप्टेंबर

हॉलचं छत मधोमध सात फूट तीन इंच. खिडकीपाशीही तेवढंच. हॉलच्या मध्यातून एक जाडजूड बीम गेलाय, त्याखाली फक्त सहा फूट पाच. खरा वैरी तो बीम. नजर वर जायला लागली की तिथे आपटते.

बिल्डिंगचे केअरटेकर ओचोलादादा. सहा फूट चार इंच. दारातून वाकून येतात, आत आल्यावरही थोडे वाकलेलेच राहतात, सवयीने. त्यांना मी बीमखाली ताठ उभं केलं. टोपी आणि बीम यात एक बोट जातं.

"मॅडम सीलिंग," ते म्हणाले, "तुमच्या जादूनं मला या घरात ताठ चालता आलं ना, तर मी माझ्या मुलीचं नाव बदलून तुमचं ठेवीन."

"मुलगी केवढी आहे?"

"एकोणीस. पण ऐकेल ती माझं."

काय काय करायचं ते सगळं डोक्यात तयार आहे. लोंबता दिवा काढायचा, त्याऐवजी उजेड खालून वर टाकायचा. सोफा बुटका, जमिनीलगत. भिंतीवर उभे पट्टे, पांढरा आणि फिकट राखाडी, ते छतापाशी थांबवायचे नाहीत, चार बोटं छतावर चढवायचे, म्हणजे भिंत कुठे संपली ते डोळ्याला कळत नाही. छताला चकचकीत पांढरा, त्यात खोलीचं प्रतिबिंब पडतं. बीमला मात्र अजिबात रंग फिरवायचा नाही असं आधी ठरवलं होतं, ते रद्द, तोही पांढरा. आणि जमिनीपासून छतापर्यंत एक उभा आरसा.

वर सातव्यासाठी दगड चढवतायत. दिवसभर डोक्यावर धडधड. पाण्याच्या दोन काळ्या टाक्याही आज दोरानं ओढून वर नेल्या. आमच्या छताच्या बरोबर वर ठेवल्यात, त्यामुळे नळाला जोर मस्त येईल असं ओचोलादादा म्हणतात.

सोमवार, ८ सप्टेंबर

पडदे लागले. मी आज तीन वेळा दाराबाहेर जाऊन पुन्हा आत आले, फक्त बघायला.

सगळे लोक पडद्याची दांडी खिडकीच्या चौकटीवर ठोकतात, त्याने भिंतीचे दोन तुकडे होतात. मी पट्टी थेट छतालाच ठोकली. कापड छतातून निघतं आणि जमिनीपर्यंत पोचतं. पोचतं म्हणजे टेकत नाही. खाली फक्त एक नाणं सरकेल एवढी फट. टेकला तर पडदा दमलेला दिसतो आणि जास्त वर राहिला तर आखूड झालेल्या पँटसारखा.

शिवले वांगुईच्या आईने. ती दुसऱ्या मजल्यावर राहते, मशीन दाराबाहेर पॅसेजमध्ये मांडलेलं असतं, मुलगी वांगुई गावाकडे बोर्डिंगमध्ये शिकते. मी नाणं घेऊन खाली बसले आणि पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवलं. कुठेच अडकलं नाही.

"वांगुईच्या आई, कसं काय जमतं तुम्हाला एवढं बरोबर?"

"बावीस वर्षं नवऱ्यांचे सूट शिवलेत पोरी. पँट अर्धा इंच चुकली तर नवरदेव फोटोत रडका दिसतो."

संध्याकाळी साहेब आले. दारात थबकले, वर बघितलं, आणि नुसतं "हं" म्हणाले. पण मग आत आले आणि बसले. मी बघत होते. बसले.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

पडदे टेकले. दोन्ही. नाणं जात नाही, उलट खाली अर्धा इंच कापड दुमडून पडलंय.

वांगुईच्या आईला वर बोलावलं. तिने गुडघ्यावर बसून बघितलं, कापड चिमटीत धरलं.

"हे मी असं दिलं नव्हतं."

"कापड लटकून लटकून लांबलं असेल. कॉटन लांबतं."

"हे कॉटन नाही. तूच आणलंस, पॉलिएस्टर आहे. पॉलिएस्टर म्हातारं होतं पण वाढत नाही."

मग तिनेच कात्री घेतली. अर्धा इंच कापून पुन्हा दुमड घातली. त्याचे पैसे घेतले नाहीत, म्हणजे मनात तिलाही तिचीच चूक वाटली असणार.

दुपारी ओचोलादादा पाण्याचं सांगायला आले आणि बीमखालून जाताना त्यांची टोपी पडली.

"काय हो मॅडम सीलिंग. छत वर जाणार होतं ना? माझं तर डोकं आता लागायला लागलं."

"थंडी आहे म्हणून जाड टोपी घातलीय तुम्ही."

"तीच आहे. बायकोने दिलेली एकच आहे माझ्याकडे."

उद्या बीमच्या कडांना थोडी सावली देऊन बघते. सावलीने जड वस्तू हलकी दिसते.

मंगळवार, १६ सप्टेंबर

आरशाला तडा गेला. कुणी हातही लावला नव्हता. जमिनीपासून छतापर्यंत घट्ट बसवला होता, मुद्दाम, फट दिसू नये म्हणून. सकाळी आले तर मधोमध आडवी रेघ. दुकानदाराने हलकी काच गळ्यात मारली. फोन केला तर म्हणतो, "बाई, काच स्वतःहून फुटत नाही, कुणीतरी दाबलीय." मी म्हटलं, छतानं दाबली असेल, मग भरून द्या. त्याने फोन ठेवला.

दारही घासतंय. ओचोलादादांनी रंधा मारला. या आठवड्यात दुसऱ्यांदा.

भिंतीवर एक बारीक चीर आलीय, बीमच्या टोकाखाली. नशीब की उभी आहे. एक पट्टा दोन बोटं सरकवून तिच्यावर घेतला, आता दिसत नाही. उलट पट्ट्यांमधलं अंतर थोडं कमीजास्त झाल्याने भिंत जिवंत वाटते.

नवीन आरशाचं माप घ्यायला टेप लावली. छत सात फूट दोन. पुन्हा लावली, सात दोनच, किंवा किंचित कमी. चार तारखेला सात तीन लिहिलंय मी, पान उलटून बघितलं. मग लक्षात आलं, तेव्हा मी स्टीलची टेप वापरली होती आणि आज वांगुईच्या आईची कापडी. कापडी टेप ताणली जाते. पण ताणलेल्या टेपने माप कमीच येणार ना? हो. कमीच आलंय.

तरी खाली साहेब भेटले तेव्हा सहज विचारलं, बिल्डिंग हलते का हो थोडीफार.

"नवीन बिल्डिंग बसते मुली. जेवण झाल्यावर माणूस कसा खुर्चीत नीट बसतो, तशी. तुझे हेडमास्तर येतायत ना नक्की?"

येतायत म्हटलं.

स्टीलची टेप शोधून पुन्हा मोजायचं आहे. आज वेळ झाला नाही.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

आज भांडण झालं. माझं बरोबर होतं, तरी लिहिते.

सकाळी वरचे फुंडी खाली आले. मुसिओका नाव, गवंड्यांचे मुकादम, आमच्या कितुईकडचेच, त्यामुळे बोलायला बरे. दोन मजुरांच्या खांद्यावर लाकडी बल्ल्या. म्हणाले, "ताई, वर भार वाढलाय. उद्या सातव्याचे खांब भरायचेत. तुमच्या हॉलमधल्या बीमला खालून चार टेकू देतो."

"हॉलमध्ये? मधोमध?"

"बीम मधोमध आहे म्हणून मधोमध."

"सोमवारी लोक बघायला येतायत इथे."

"टेकू असले तर लोकांना काय होतंय?"

मी त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. या खोलीत सगळी मेहनत कशासाठी केलीय, तर वर काही आहे हे विसरायला व्हावं म्हणून. चार बल्ल्या उभ्या केल्या तर आत येणारा पहिल्यांदा काय बघेल? की इथलं छत धरून ठेवावं लागतं. माझे पट्टे, पडदे, उजेड, सगळं वाया.

ते ऐकून घेत होते. मग बीमच्या खालून हात फिरवला, माझ्या पांढऱ्या रंगावर बोटांचे डाग पडले. "पोट आलंय याला," म्हणाले.

मी साहेबांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. साहेब म्हणाले, "मुसिओका, तुला डेकोरेशनमधलं काय कळतं? सोमवारनंतर लाव."

"साहेब, मग उद्या खांब नको भरायला."

"सिमेंट येऊन पडलंय. मंगळवारी लाव म्हटलं ना टेकू."

मुसिओकांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, मी टेकूंना हो म्हणेन अशी त्यांची अपेक्षा होती. मी म्हटलं, "मंगळवारी लावा ना. मी स्वतः सोफा बाजूला करून देईन."

"बरं ताई," म्हणाले, आणि बल्ल्या घेऊन जिन्याने वर गेले. जाताना एक बल्ली दाराला लागून रंग उडाला. तो मी दुपारी दुरुस्त केला. बोटांचे डागही.

शनिवार, २० सप्टेंबर

डोकं फिरलंय. पडदे परत टेकले. या वेळी पुरता एक इंच. खाली कापडाचा ढीग, दमलेल्या माणसासारखा.

वांगुईच्या आईशी मी वाईट बोलले. बावीस वर्षं शिवताय आणि एक सरळ रेघ कापता येत नाही, असं म्हटलं. पॅसेजमध्ये शेजारणी उभ्या होत्या. तिने वर जाऊन पडदा उतरवून आणला, मशीनच्या टेबलावर पसरला आणि टेप माझ्या हातात दिली.

"मोज."

मोजला. सात फूट अडीच इंच, एक नाणं कमी. बारा तारखेला जेवढा करून दिला होता तेवढाच.

"मग?" ती म्हणाली.

"मग काय, खोली आखडली का?"

"मला काय माहीत. मी कापड शिवते, खोल्या नाही."

शेजारणी हसल्या. मलाही हसू आलं असतं, पण सोमवार तोंडावर आहे. मी म्हटलं, मला कारणं नकोत, उद्या दुपारपर्यंत इंच कमी करून वर लावून पाहिजेत, तिथेच बसून, लटकवून मोजून.

"उद्या रविवार. मी चर्चला जाते."

"देव पुढच्या रविवारीही असेल. हेडमास्तर नसतील."

तिने टेप गुंडाळली. "पाच फ्लॅटचे पडदे मलाच देणार ना?"

"हे नीट झाले तर."

ओचोलादादांनाही उद्या सकाळी दाराला रंधा मारायला सांगितलंय. आता ते उघडायला खांदा लावावा लागतो. ते म्हणाले, "या दाराची आता पोळी झाली मॅडम, अजून किती लाटू?" पण येतो म्हणाले.

वर दिवसभर काँक्रीट ओतत होते. छतातून एक-दोन थेंब पडले पाण्याचे. चकचकीत रंगावर दिसत नाहीत, एक फायदा.

रविवार, २१ सप्टेंबर, सकाळ

हिरवा ड्रेस घातला. आईबरोबर चर्चला निघालेय. तिथून सरळ ६०३. येताना फुलं घ्यायची, उंच दांड्याची.

बुधवार, २४ सप्टेंबर

दानाची टोपली फिरत होती. आधी पायाखाली काहीतरी झालं, आवाज नंतर आला. दिवे गेले. कुणीतरी ट्रान्सफॉर्मर म्हणालं. मग दारातून पिवळट धूळ आत आली आणि मला रंग ओळखू आला.

धावत गेले. गल्लीच्या टोकाला आकाश होतं. तिथे मी कधी आकाश बघितलं नव्हतं.

सगळे म्हणतात रविवार होता म्हणून वाचलो. बहुतेक बिल्डिंग चर्चमध्ये होती. वर काम बंद होतं. पाद्रीसाहेबांनी रस्त्यावर उभं राहून आभार मानले, लोक आमेन म्हणाले. चौथ्या मजल्यावरचे म्हातारे, गुडघ्यांमुळे चर्चला न येणारे, ते गेले. आणि ओचोलादादा. ते ६०३च्या दारापाशी सापडले. हातात रंधा होता.

वांगुईच्या आईला सोमवारी दुपारी काढलं. बीमच्या खाली होती, सोफ्याने थोडी पोकळी धरली होती. बुटका सोफा. मीच निवडला होता. तिचा उजवा हात बीमखाली होता.

दोघंही चर्चला गेले असते.

मी काल आणि परवा काही लिहिलं नाही. आई मला उठवते, खायला घालते, मी खाते. तिने एकदाही विचारलं नाही की तिथे काय झालं होतं.

शनिवार, २७ सप्टेंबर

हॉस्पिटलमध्ये गेले. वॉर्डच्या दाराबाहेर तासभर बसले, मग आत गेले. वांगुई गावाहून आलीय, आईच्या पायाशी बसली होती, शाळेच्या युनिफॉर्ममध्येच.

हात मनगटाच्या वरून काढलाय. पांढरं गुंडाळलेलं, छोटंसं.

मी काय बोलणार ते ठरवून गेले होते. त्याआधी तिनेच डोळे उघडले.

"आलीस." मग म्हणाली, "तो मी लावल्यावर पुन्हा टेकला."

"काय?"

"पडदा. इंच कापून लावला. ओचोलाला म्हटलं, बघ, आता नाणं जाईल. तो रंधा ठेवून बघायला आला. नाणं गेलं. मग मी सुई उचलली, खाली बघितलं, तर टेकलेला. आमच्या डोळ्यांदेखत. ओचोला म्हणाला, बाहेर हो. मला दाराकडे ढकलत होता. दार उघडेना, म्हणून त्याने रंधा उचलला."

वांगुई तिला गप्प राहायला सांगत होती.

"काटुंगे, मी बरोबर कापलं होतं ना?"

"हो."

"सगळ्या वेळी?"

"सगळ्या वेळी."

तिने मान हलवली, जसं काही हिशोबातलं एक काम संपलं. मग मुलीला म्हणाली, हिला चहा दे. वांगुईने थर्मासमधून चहा ओतला आणि माझ्या हातात दिला. ती मुलगी माझ्याकडे बघत होती. तिला काहीच माहीत नव्हतं. मी तो चहा प्यायले.

मंगळवार, ३० सप्टेंबर

प्राथमिक शाळेच्या वर्गात चौकशी बसलीय. इंजिनिअर आहेत, पोलीस आहेत, बाकावर आम्ही. एकेकाला विचारतात, काही आधी दिसलं होतं का. सगळे नाही म्हणतात. दार घासत होतं, पण दारं घासतातच.

गचांजासाहेब वकील घेऊन आले होते. म्हणाले, गवंड्याने टेकू लावले नाहीत, त्याला मी सांगितलं होतं, त्याने आळस केला. बिनटेकूचं काँक्रीट ओतलं. माझ्याकडे बघितलंही नाही. मुसिओका गेल्या सोमवारपासून कोठडीत आहेत. त्यांची बायको कितुईहून आलीय, वर्गाच्या खिडकीबाहेर पाठीवर बाळ घेऊन उभी होती. त्यांच्या मजुरांपैकी एकही जण आला नाही.

इंजिनिअरबाई म्हणाल्या, "खोलीच्या उंचीत फरक पडत होता का, हे कुणी मोजलं असतं तर सगळं कळलं असतं. पण घरात राहणारा माणूस छत कधी मोजत नाही."

मी बाकावर बसले होते. वही पिशवीत होती. माझा नंबर यायच्या आधी जेवणाची सुट्टी झाली, आणि मग सांगितलं, उरलेले उद्या.

घरी येऊन पहिल्यापासून वाचली. सगळं आहे हिच्यात. तारखा, इंच, आरसा, पट्ट्याखाली झाकलेली चीर. मोजत मीच होते, आणि लिहीतही.

एकोणीस तारखेचं पान उघडून बघितलं. शिवणीपाशी दोन बोटांत धरलं. ते नसलं तर या वहीत मी फक्त एक मूर्ख मुलगी आहे, जिला टेप वापरता येत नाही. त्याबद्दल कुणी आत टाकत नाही. बाकीची वही दिली तरी इंजिनिअरबाईंना पुरेल.

पण मुसिओकांचं नाव माझ्या हातून बल्ल्यांसकट फक्त त्या एका पानावर लिहिलं गेलंय. ते म्हणाले होते, मग उद्या खांब नको भरायला. साहेब काय म्हणाले होते तेही तिथेच आहे. आणि मी काय म्हणाले होते ते.

आईला वाचून दाखवलं, फक्त तेवढंच पान. ती ऐकत होती. संपल्यावर उठली, माझा हिरवा ड्रेस बादलीत भिजत पडला होता दहा दिवस, तो पिळून दोरीवर टाकला.

"उद्या किती वाजता आहे?" तिने विचारलं.

"नऊ."

"मी येते बरोबर."

पान फाडलेलं नाही. शिवणीपाशी थोडं सुटलंय तेवढं चिकटपट्टीने पक्कं केलं.